चोरानं पाठवलेली आठवण

कुरुळीच्या कोंडीराम आबांचा पाखऱ्या बैल इतका पळायचा, की शर्यतीच्या घाटात निशाणापाशी तो आधी पोचायचा आणि त्याची सावली मागनं धापा टाकत यायची. खोटं वाटत असेल तर खेड तालुक्यातल्या कुठल्याही गाडामालकाला विचारा. तो म्हणेल, सावली नव्हे हो, धूळ मागनं यायची. म्हणजे मुद्दा तोच. एकदा पाखऱ्या दावं तोडून एमआयडीसीच्या रस्त्यानं सुटला, तर कुठल्याशा कंपनीची नवी मोटारसायकल तपासायला निघालेली दोन पोरं त्याच्या मागं लागली. परत जाऊन ती साहेबाला म्हणाली, इंजिन बदला, लाज जाते.

असा बैल असल्यावर त्याचं नाव गावानं का मिरवू नये? पाखऱ्या कमानीवर होता, पाण्याच्या टाकीवर होता, टेम्पोच्या पाठीवर होता, पोळ्याला निघालेल्या फ्लेक्सवर तर आबांपेक्षा मोठा होता. पुढं मोबाइल आले आणि त्यांना पासवर्ड लागायला लागले. तेव्हा आबांच्या अख्ख्या गल्लीनं, कुणी कुणाला न विचारता, एकच पासवर्ड ठेवला. जो लक्षात ठेवावा लागत नाही तोच खरा पासवर्ड, असा त्या गल्लीचा समज होता. दार उघडायचं नाव दारावरच रंगवून ठेवलेलं असताना गल्ली निवांत झोपायची.

कोंडीराम आबा मात्र दिवाळीपासून निवांत नव्हते. त्याला कारण रतनबाई.

लेक सृष्टीच्या बाळंतपणाला म्हणून रतनबाई गेली ती तिकडंच राहिली. जावई प्रज्वल आधी चाकणच्याच एका कारखान्यात होता. कंपनीनं त्याला उचलून चेन्नईच्या पलीकडं ठेवला. त्या गावाचं नाव आबांना उभ्या हयातीत उच्चारता आलं नाही. बाळ जन्मलं, बारसं झालं, बाळाला दात यायला लागले. रतनबाईच्या परतीचं नाव मात्र कुणी काढीना. सृष्टी म्हणायची, आईला वाटलं की येईल. रतनबाई म्हणायची, बघू. आणि आबा तर काहीच म्हणायचे नाहीत. बायकोला ‘ये’ म्हणायचं म्हणजे ती नसल्यानं आपलं अडतं हे कबूल करायचं. ते त्यांच्या तोंडाला येत नव्हतं. तोंडाला येत नव्हतं म्हणून ते पोटात साठत होतं, विहिरीसारखं.

म्हशीचं घ्या. म्हैस रतनबाईच्या हाताची. आबा बसले की ती पान्हा चोरायची. शेवटी आबांनी रतनबाईचं जुनं लुगडं खुंटीवरनं काढलं, डोक्यावरनं खांद्यावर ओढलं आणि बसले धारेला. म्हशीनं एकदा मागं वळून बघितलं, हुंगलं आणि बादली भरून दिली. तेव्हापासून रोज तसंच. गल्लीला वाटायचं आबा म्हशीला फसवतात. म्हैस कशाची फसते? तिलाही कुणाची तरी आठवण काढायला सोबत हवी होती, इतकंच. धार काढून झाली तरी आबांना लुगडं उतरवायला वेळ लागायचा.

सकाळच्या शिफ्टचा भोंगा वाजायचा. इतकी वर्षं भोंगा झाला की रतनबाई ‘उठा, भोंगा झाला’ म्हणायची. आता नुसता भोंगाच व्हायचा, आणि आबांच्या ध्यानात आलं, की भोंग्यानं आपल्याला आजवर कधी उठवलंच नव्हतं.

फोन रोज व्हायचा. तो असा:

“जेवला?”

“व्हय.”

“म्हस?”

“हाय बरी. बाळ?”

“हाय बरं. ठेवू?”

“ठेव.”

पण ठेवायचं कुणीच नाही. ‘ठेव’ म्हटल्यावर दोघंही फोन कानाला लावून गप उभी राहायची. इकडं आबांना तिकडच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, तिकडं रतनबाईला इकडच्या कंटेनरचा हॉर्न. मग कुणाचा तरी अंगठा चुकून लागायचा आणि फोन बंद पडायचा.

जत्रा जवळ आली तशी आबांना एक आशा लागली. जत्रेला तरी येईल. जत्रेत पाखऱ्याची फेरी असते, घरात पाहुणे असतात, अशा वेळी घरची बाई लांब राहत नाही. म्हणजे ‘ये’ न म्हणता ती आली असती. आबांचं सगळं गणित या एका जत्रेवर उभं होतं.

आता शर्यतीला गाडे इतके यायला लागलेत की आधी नाव नोंदवून टोकन घ्यावं लागतं, आणि हल्ली तेही फोनवर. तर जत्रेच्या आधी एका सांजेला आबांना फोन आला.

“कोंडीरामशेठ का? पाखऱ्या ग्रुप, कुरुळी?”

“बोला.”

“शर्यत कमिटीकडून बोलतोय. आपल्या गाड्याचं टोकन निघालंय. पहिल्या बारीत घेतलंय, पाखऱ्याचं नाव ऐकून. मोबाइलवर सहा आकडे आले असतील बघा. तेवढे सांगा, म्हणजे टोकन पक्कं.”

पाखऱ्याचं नाव ऐकून! आबांची छाती सदऱ्यात मावेना. चष्मा लावून त्यांनी आकडे वाचले. आकड्यांच्या खाली ‘हे कुणालाही सांगू नका’ असंही लिहिलं होतं. तेही आबांनी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबर आहे शेठ, दुसऱ्या गाडामालकांना सांगू नका.” आबांना पटलं. टोकन कुणी दुसऱ्याला सांगतं का?

थोड्या वेळानं फोननं आपणहून आणखी एक विचारलं: कुणीतरी तुमचं खातं उघडतंय, तुम्हीच आहात का? आबा म्हणाले, “मंग? दुसरं कोन असनार?” आणि ‘होय’ दाबलं.

सकाळी आबा लुगडं घेऊन म्हशीखाली बसले होते, तोच सृष्टीचा फोन आला.

“आबा, आईला काय लिहिलंत हो तुम्ही?”

“म्या? म्या काय लिवतोय?”

“आता लपवू नका. आई कुणाला दाखवत नाहीये. मघापासून फोन पदरात धरून बसलीय. केसाला तेल काय लावलं, बाळाला मांडीवर घेऊन गुणगुणतेय काय. प्रज्वलला पुण्याच्या गाड्या विचारत होती!”

आबांच्या हातातनं बादलीची कडी निसटली. आपण काही लिहिलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गाड्या विचारल्या म्हटल्यावर ते नाही तरी कसं म्हणणार? त्यांनी नुसतं ‘बरं, बरं’ केलं आणि फोन ठेवला. मनाशी म्हणाले, देवानं लिहिलं असेल. देवाला आपला नंबर ठाऊक असणारच, फ्लेक्सवर आहे.

देवाचा खुलासा मात्र लगेच झाला. आबांनी अंगणातल्या जागेत कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या. तिसऱ्या खोलीत लातूरकडचे उद्धवराव राहायचे, एका गोडाऊनवर पहाऱ्याला. नळाला पाणी कमी, छताला ओल, दाराला कडी नाही, अशी त्यांची रोज एक तक्रार असायची. आज ते लुंगीवरच आले, हातात फोन, आणि डोळ्यांत चक्क पाणी.

“मालक, एवढी माया होती तर बोलायचं की ओ आधी! म्या उगं नळावरनं भांडलो तुमाला.”

“कसली माया?”

“ही काय, तुमीच लिवलाव. ‘खोली तीन कटकट जी, कसे आहात? आपली खूप आठवण येत आहे.’” उद्धवरावांनी डोळे पुसले आणि मग त्यांचा स्वर बदलला. “पन मालक, एक इचारू? ह्ये ‘कटकट’ म्हंजे म्याच का?”

आबा लुगडं पांघरूनच उभे राहिले. तोवर फाटकाशी गर्दी झाली होती. आबांना नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून फोनमध्ये माणसाच्या नावाजागी त्याचा गुण लिहायची त्यांची पद्धत. रात्रीतनं त्यांच्या फोनातल्या प्रत्येकाला, ज्याच्या त्याच्या गुणासकट, आबांकडनं ‘खूप आठवण’ आली होती. डेअरीच्या कुसुमताईंना ‘कुसुमताई पाणी जी’. शेजारच्या गोजाबाईला ‘गोजाबाई बातमी जी’. वायरमनला ‘लाईट घालवणारा जी’. असं म्हणतात, की त्या सकाळी कुरुळीपासून आळंदीच्या पुलापर्यंत माणसं आपापला फोन बघून एकदा सुखावत होती आणि एकदा संतापत होती, आणि दोन्ही एकाच ओळीत.

“आता गं बया,” गोजाबाई म्हणाली, “ह्या वयात माझी आठवन येती व्हय रं कोंडीराम? आन् बातमी कुनाला म्हनतूस?”

तेवढ्यात उद्धवरावांची लेक विजयश्री गाडी लावून आली. ती एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची. रात्रपाळी करून परतत होती. तिलाही आठवण आली होती. ‘खोली तीन हुशार जी’. तिनं दोन ओळी वाचल्या आणि आबांकडं हात केला.

“काका, फोन द्या. तुम्ही कुणाला सहा आकडे सांगितले का?”

“टोकनचे. कमिटीला.”

“कमिटी कसली, काका! तो चोर होता. ते आकडे म्हणजे तुमच्या नंबरची किल्ली. आता तुमच्या नावानं तो बोलतोय.” ती फोन चाळत होती. “पण ही नावं त्याला कशी कळली? ईमेलपण गेलाय. पासवर्ड काय होता?”

आबांनी इकडं तिकडं बघितलं आणि तिच्या कानाशी वाकून सांगितलं.

विजयश्रीनं मान वर करून कमानीकडं बघितलं. मग टाकीकडं. मग फ्लेक्सकडं, ज्यावर रविराज पुतण्यानं आबांचा मोबाइल आणि ईमेल दोन्ही ठळक छापून घेतले होते.

“वा,” ती म्हणाली. “चोराला काही विचारायची गरजच नव्हती. वर किल्ली, खाली कुलूप, मधे मालकाचा फोटो.”

“आता?” उद्धवराव दबक्या आवाजात म्हणाले. “कारन माझा बी त्योच हाय, बाळा.”

“माजा बी,” कुसुमताई म्हणाल्या. मग वायरमन. मग गर्दीतनं एकेक ‘माझाबी’ निघत गेलं. विजयश्री डोक्याला हात लावून ओट्यावर बसली.

पण बसून राहणारी ती नव्हे. तिनं आधी आबांचा नंबर पुन्हा आबांच्याच फोनवर घेतला. आलेले आकडे या खेपेला तिनं आबांकडनंच टाकून घेतले, आणि कुणाला सांगायचे नाहीत हे तीनतीनदा बजावलं. चोर बाहेर फेकला गेला. पण जाता जाता त्यानं आतनं स्वतःची कडी घातली होती, स्वतःचा वेगळा पिन. तो कुणाला ठाऊक नाही, म्हणून आठवडाभर आबांच्या मेसेजचं दार उघडायचं नाही. ईमेलचा पासवर्ड बदलला. कुठले फोन आत शिरलेत ते बघून परके हाकलले. सायबरवाल्यांकडं तक्रार नोंदवली.

“नवीन पासवर्ड लांब ठेवा, आणि कुठल्या फ्लेक्सवर नसलेला,” ती गर्दीला म्हणाली. “प्रत्येक खात्याला वेगळा. दुहेरी कडी लावा. आणि फोन ‘तुम्हीच का’ म्हणतो तेव्हा ते कौतुक नसतं, काका. तुम्ही त्या वेळी काही उघडत नसाल, तर ‘नाही’ म्हणायचं.”

“म्हंजे मी मी न्हाई म्हनायचं?” आबा म्हणाले.

“हो. आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनातल्या प्रत्येकाला कॉल करून सांगा, ते मेसेज मी केले नाहीत. चोराला आठवण काढायची हौस नाही. आधी तो गोड बोलतो, मग दुसरा मेसेज टाकतो, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत ते पाठवा. दिले की तो माणूस गेला, आणि मग त्याच्या नावानं पुढचा.”

आबा ओट्यावर बसले आणि फोन लावू लागले. मेव्हणा, डॉक्टर, मंडपवाला. प्रत्येकाला एकच: “ते मी न्हाई. मला तुमची आठवन येत न्हाई.” हे वाक्य दहाव्या माणसाला सांगेपर्यंत आबांना त्याची गोडी लागली होती. काही लोकांना ते सांगायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

यादी संपत आली. एकच नाव राहिलं. आबांनी फोन मांडीवर ठेवला आणि पाखऱ्याला वैरण टाकायला उठले.

“काका, काकूंना लावला?”

“लावतो की.”

“कधी?”

आबा वैरणीची पेंढी सोडत राहिले. सुटलेली पेंढी पुन्हा बांधली आणि पुन्हा सोडली.

“इजू,” ते म्हणाले, “बाकी समद्यांना सांगितलं ते खोटं हाय म्हनून. तिला ऱ्हाऊ दे की.”

“काका, राहू द्यायचं म्हणजे? दुसरा मेसेज तिकडं गेलाही असेल. काकूंनी आकडे दिले तर काकूंचा फोन जाईल. मग काकूंच्या नावानं तो सृष्टीताईंना लिहील. बाळाचे फोटो, सगळं आहे त्यात.”

“गाड्या इचारल्यात तिनं,” आबा म्हणाले. “इतक्या दिसात पैल्यांदा. आता म्या सांगायचं, बाई, तुझी आठवन येती असं म्या न्हाई म्हटलं, एका चोरानं म्हटलं. मंग कशाला येती ती?”

अशा वेळचं बटण कुठल्याच फोनात नसतं. बोलले ते उद्धवराव, अजून लुंगीवरच.

“मालक, चोर काय सोताच्या घरचं आनून ठिवतो का? त्यानं नेलं ते तुमच्याच घरातलं. माल तुमचाच हाय. फकस्त तुमी सोता कदी भाईर काडला न्हाई.”

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. कटकट्या माणूस, पण बोलला. आबांनी हात धुतले, लुगडं खुंटीवर ठेवलं, टोपी नीट केली, जशी लग्नाच्या बोलाचालीला जाताना करतात, आणि ‘घर’ या नावावर बोट ठेवलं.

नंबर लागेना. दुसऱ्या कॉलवर आहे म्हणे. कोणाशी? पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजला.

“हालो.”

“अगं, मी बोलतोय.”

“कोन मी?”

“मी. कुरुळीवरनं.”

“कुरुळीत लई ‘मी’ हायती. कोन?”

आता तिनं नाव घेऊन विचारायचं तर ते तिनं लग्नाच्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. आबांनीच घेतलं. “कोंडीराम.”

“नाव तर कमानीवर बी हाय,” रतनबाई म्हणाली. “आत्ता एका मेल्यानं फोन केला हुता, तो बी तुमचंच नाव सांगत हुता. सृष्टी म्हनती, आता आवाज बी चोरत्यात. तुमीच कशावरनं?”

“इच्यार की मंग काय बी.”

तिकडं कुकरची शिट्टी वाजून गेली.

“मी निगाले तवा फाटकापाशी तुमी काय बोल्ला हुता?”

आबांनी आठवलं. टेम्पो उभा होता. तिची पिशवी त्यांनीच वर ठेवली होती. ती बसली. तिनं त्यांच्याकडं बघितलं. रस्त्यानं ट्रेलर चालले होते, त्यांचा आवाज होता. ट्रेलर गेल्यावर आवाज नव्हता.

“काय बी न्हाई बोल्लो,” आबा म्हणाले.

“मंग तुमीच,” रतनबाई म्हणाली.

विजयश्रीनं बापाला दंडाला धरून खोलीकडं नेलं. गोजाबाई मात्र जाईना. ती फाटकाशी कान देऊन उभी राहिली, आणि म्हणून तर पुढचं आपल्याला कळलं.

“ऐक,” आबा म्हणाले. “तुला ते आलंय ना, आठवनीचं. ते म्या न्हाई लिवलं. चोरानं लिवलं. आकडे मागितले तर दिऊ नको.”

“न्हाई दिले.”

“न्हाई दिले?”

“मला कळलं हुतं.”

“कवा?”

“आल्या आल्या न्हाई कळलं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. “आल्या आल्या खरंच वाटलं. ‘घर जी’ आसं लिवलं हुतं वर. म्या म्हटलं, ‘जी’ काय ह्ये म्हनायचं न्हाईत. पन घर? ते कुनाला सुचंल? मी घर म्हनून हाय व्हय तुमच्या फोनात?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“फोन घेतला तवापासनं.”

“कदी सांगितलं न्हाई.”

“तू इचारलं न्हाई.”

दोघंही गप झाली. रोजच्यासारखीच, पण ‘ठेवू’ कुणी म्हटलं नाही.

“मंग म्या लिवलं उलटं,” रतनबाई म्हणाली. “सृष्टीनं लिवायला शिकवलंय मला. लई येळ लागला. चष्म्यावर वाफ आली. येवढं मोठं लिवलं आन् पाठवलं. तर लगीच त्याचं आलं, ‘सहा आकडे पाठवा.’ म्या लिवलं त्याचं काय बी न्हाई! तवाच वळखलं, ह्यो मानूस दुसरा हाय. तुमी आसता तर वाचून गप बसला आसता. चार दिस तोंडातनं शबूद निगाला नसता. आकडे मागितले नसते.”

आयुष्यभराच्या मुकेपणाचा कुणी असा दाखला देईल, असं आबांना वाटलं नव्हतं.

“काय लिवलं हुतंस?” त्यांनी विचारलं.

“न्हाई सांगायची.”

“अगं, मला लिवलं हुतंस ना?”

“तुमाला लिवलं हुतं, पन गेलं त्याच्याकडं. त्यालाच इच्यारा.”

त्या क्षणी आबांना त्या चोराचा राग आला नाही, हेवा वाटला. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत बसलेल्या एका उपटसुंभाच्या फोनात रतनबाईनं चष्म्यावर वाफ आणून लिहिलेलं पडलं होतं. त्यानं ते धड वाचलंही नसणार. खडे चाळताना मोती गेला तरी त्याला कळलं नसणार. आणि ज्याच्यासाठी होतं, तो इथं फोन कानाला लावून उभा.

“सांग की,” आबा म्हणाले.

“आसल्या गोष्टी फोनवर कुनाला सांगू नयेत, सृष्टीनं बजावलंय.”

“मंग कवा सांगनार?”

“समोर बसल्यावर.”

“मंग ये की.”

निघालं. आबांना स्वतःलाच कळलं नाही कसं निघालं. फाटकाशी गोजाबाईनं तोंडावर पदर घेतला. तिकडनं मात्र इतका वेळ काहीच ऐकू येईना, की आबांनी फोन कानावरनं काढून बघितला, चालू आहे का म्हणून.

“अशी एकटी येऊ?” रतनबाई म्हणाली. “बाईमानूस लेकीकडनं अशी पिशवी उचलून आपली आपन येती व्हय? आजवर कवा आले? आनायला मानूस यावं लागतं.”

“रविराजला धाडू?”

“रविराजची बायको हाय का मी?”

“मंग…” आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मंग म्या येतो.”

“तुमाला ह्या गावाचं नाव तरी घेता येतंय का?”

“न्हाई. पन यीन.”

“या मंग,” ती म्हणाली. “आन् तिकीट विजयश्रीकडनं काडा. कुनी धाडलेल्या लिंकवरनं काडू नका.”

जत्रा तोंडावर आलेली, पाखऱ्याची फेरी ठरलेली, आणि गाडामालक गावाला चालला, असं कुरुळीत याआधी कधी घडलं नव्हतं. गोजाबाईनं बातमी दुपारच्या आत चाकणला पोचवली. रविराजनं कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, फेरी पुढच्या जत्रेला बी हुईल. उद्धवरावांनी म्हैस सांभाळायचं कबूल केलं, नळाची तक्रार तेवढी पुन्हा एकदा सांगून.

पुणे स्टेशनात गाडीत बसवताना विजयश्रीनं आबांना लहान पोरासारखं बजावलं. “काका, ओळख नसलेल्याला काही सांगायचं नाही. नाव नाही, नंबर नाही, कुठं चाललात तेही नाही. कळलं?”

“कळलं.”

दौंडपर्यंत आबांनी तोंड उघडलं नाही. समोर सोलापूरचं एक जोडपं बसलं होतं. बाईंनी डबा उघडला, चटणी-भाकरी पुढं केली.

“कुठं निघालात, दादा?”

“सांगायचं न्हाई असं हाय,” आबा म्हणाले.

दोघं नवरा-बायको एकमेकांकडं बघायला लागली. बाहेर ऊस मागं पळत होता. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला, तसाच ठेवला.

“कारभारनीला आनायला चाललोय,” ते म्हणाले. “माजी हो. दिवाळीपासनं न्हाई. लई आठवन येती तिची.”

आणि मग जे तोंड सुटलं, ते सोलापूर आलं, जोडपं उतरलं, दुसरी माणसं चढली तरी थांबेना. म्हणतात, त्या डब्यातल्या टीसीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना वाडी स्टेशन यायच्या आत ठाऊक झालं होतं, की कुरुळीच्या कोंडीरामला कुणाची आठवण येते. माहीत नव्हतं ते एवढंच, की तिनं काय लिहिलं होतं. ते आबांनाही माहीत नव्हतं. खिडकीपाशी बसून ते आपल्या मनानं एकेक ओळ रचून बघत होते, पुसत होते, पुन्हा रचत होते, आणि चेन्नई अजून पार लांब होती.